शब्दचर्चा : ‘स्वीटहार्ट’ला मराठीत हाक कशी मारायची?

म्हापसा : आमच्या वाचनालयात अभिवाचन बसवतोय. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवरून एका इंग्रज शिपायाने गावातल्या मुलीला लिहिलेली पत्रं. लग्न ठरलेलं नाही. प्रत्येक पत्राला सुरुवात एकच, ‘स्वीटहार्ट’. मी ‘प्रिय प्रेयसी’ लिहिलं, पण वाचणारा मुलगा तिथेच अडखळतो.

फोंडा : अडखळणारच. ‘प्रेयसी’ने नातं सांगता येतं, हाक मारता येत नाही. ‘ती त्याची प्रेयसी’ ठीक. तिला समोर उभी करून कोणी ‘अगं प्रेयसी’ म्हणत नाही. ‘प्रिये’ म्हणाल तर आपल्या गोव्यात श्रोत्यांना संगीत नाटकातलं पद ऐकू येईल आणि खंदकातला चिखल नाहीसा होईल. ‘वाग्दत्त वधू’ तर नकोच, मजकुराशी खोटं होईल.

मडगाव : कोंकणीतला ‘मोगाळ’ घेतला तर? किती मऊ शब्द आहे.

फोंडा : शब्द सुंदर, पण त्याने शिपाई सासष्टीचा होतो.

डिचोली : सर, अडचण आपल्या मायन्यातच आहे. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, लग्न ठरलेल्या मुलीला ‘सौ. कां.’. न ठरलेल्या मुलीला पत्र लिहायचं ही गोष्टच जुन्या रीतीत बसत नव्हती, मग तिचा मायना कुठून येणार? लग्न झालेली बाईसुद्धा नवऱ्याबद्दल ‘इकडून पत्र आलं’ असंच म्हणायची. नाव टाळण्यातच जवळीक असायची.

पण मला वाटतं, शब्द निवडण्याआधी ते पत्र कोण कोण वाचत होतं ते पाहावं. साध्या शिपायाचं पत्र त्याच्याच तुकडीतला अधिकारी तपासायचा, मगच ते पुढे जायचं. म्हणजे ‘स्वीटहार्ट’ हा साहेबाच्या डोळ्यांखालून जाणारा, रोजच्या वापरातला शब्द. त्याला ‘प्राणसखी’सारखा भरजरी पोशाख चढवू नका. ‘लाडके’ लिहा. घरातलं आहे, चारचौघांत उच्चारता येतं, आणि मुलाच्या तोंडी सहज बसेल.

अधूनमधून शिपायांना हिरवं पाकीट मिळे. आत फक्त खासगी आणि घरगुती मजकूर आहे असं सहीने लिहून द्यायचं, मग ते तुकडीत उघडलं जात नसे; पुढे तळावर मात्र तपासलं जाऊ शके. तुमच्या संचात असं पत्र असेल तर तिथे मायना बदला. नुसतं तिचं नाव, आणि ‘माझी’.

म्हापसा : आहे तसं एक! त्यात मजकूरही वेगळाच मोकळा आहे. एक छापील कार्डही आहे, नको ती वाक्यं खोडून पाठवायचं. ‘मी ठीक आहे’ लिहू?

डिचोली : ‘मी खुशाल आहे.’ पत्रातला शब्द तोच. त्या कार्डावर स्वतःचं काही जास्तीचं लिहिलं तर कार्ड नष्ट करायचे, तेव्हा तिथे ‘लाडके’ घालायचा मोह टाळा.

फोंडा : पत्रांच्या वर ठिकाण काय आहे?

म्हापसा : ‘फ्रान्समध्ये कुठेतरी’. गावाचं नाव लिहायला बंदीच होती.

फोंडा : ते तसंच ठेवा. ‘मुक्काम फ्रान्स’ करू नका. मुक्काम लिहिणाऱ्याला आपलं ठिकाण सांगायची मोकळीक असते.