माहितीपटाचा शो, बजेट 12,000 : सोलापुरात माणसं जमवायची कशी?

पूर्वभागातली
नमस्कार मंडळी. आम्ही चौघांनी विडी कामगार बायकांवर 52 मिनिटांचा माहितीपट केलाय. सगळं शूटिंग शहराच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या कामगारांच्या वस्तीत, आणि कुंभारीच्या विडी घरकुल वसाहतीत. सेन्सॉर सर्टिफिकेट आहे.

मार्चमधला पहिला शो पार आपटला. 400 खुर्च्यांचं सभागृह घेतलं (कुठलं ते विचारू नका), फेसबुकच्या जाहिरातीवर 1,800 घातले. 212 जणांनी 'इंटरेस्टेड' केलं. आले 37, त्यातले 19 घरचेच. शेवटी आईनं बाहेरच्या वॉचमनला आत आणून बसवलं. ज्या अक्कांच्या घरात आम्ही दोन वर्षं कॅमेरा घेऊन पडीक होतो, त्याच आल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "तू सांगितलीस कधी?" पोस्टर पाठवलं होतं की व्हॉट्सअ‍ॅपवर!

आता ऑगस्टमध्ये परत करायचंय. 12,000 मध्ये हॉल, प्रोजेक्टर, प्रसिद्धी सगळं. पैसे कुठं घालू?

कडक_भाकरी
आधी हॉल बदला. 80 माणसं 400 खुर्च्यांत हरवतात, 100 खुर्च्यांत तीच हाऊसफुल्ल दिसतात. पुढच्या शोला तो भरलेला फोटोच कामी येतो. पूर्व भागात एखादं समाजमंदिर नाहीतर कार्यालयाचा जेवणाचा हॉल बघा. आषाढी एकादशीनंतर लग्नाचे मुहूर्त नसतात, कार्यालयं ओस पडलेली असतात. घासाघीस करा, लाजू नका.

तारीख ठरवताना नारळी पौर्णिमा सोडा. मार्कंडेयाचा रथ निघतो त्या दिवशी अख्खा पूर्व भाग रथामागं असतो, तुमच्याकडं कुत्रं फिरकणार नाही.

तेलुगू_गल्ली
ताई, अक्का बरोबर बोलल्या. पोस्टर पाठवणं म्हणजे सांगणं नव्हे. आमच्याकडं लग्नाला पत्रिका दिली तरी घरी जाऊन "या बरं का" म्हटल्याशिवाय आमंत्रण पोचलं असं कुणी धरत नाही.

दुसरं. कुणीतरी हुशार माणूस तुम्हाला तेलुगूत पोस्टर छापा म्हणून सांगेल. नका छापू. आमच्या घरात तेलुगू बोलतात, पण शाळा मराठीत झाली. लिपी माझ्या आईला येत नाही, मलाही येत नाही. त्यापेक्षा सिनेमातल्याच एखाद्या अक्काच्या आवाजात 40 सेकंदांचा तेलुगू व्हॉइस मेसेज करा : "मी यात आहे, रविवारी अमक्या ठिकाणी दाखवणार आहेत, ये." बास. सुपात पानं कापता कापता बायका मोबाईल शेजारी ठेवून ऐकत असतात. हात मोकळा नसतो, कान मोकळा असतो. खर्च शून्य.

आणि ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबू नका. तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. तुमचं पोस्टर निम्म्यांना पोचलंच नसेल. अक्कांनाच त्यांच्या बचत गटाच्या ग्रुपवर टाकायला सांगा.

पूर्वभागातली
अरे देवा. ब्रॉडकास्टच केलं होतं.

पडद्यामागचा
मी 22 वर्षं सिंगल स्क्रीनला ऑपरेटर होतो. आमच्या काळी शुक्रवारी रिक्षाला भोंगा बांधून पेठापेठांतून फिरवायचे. आजही चालतं, पण भोंग्याला पोलिसांची परवानगी काढावी लागते. चौकात फ्लेक्स लावायचा तर महापालिकेची. एका शोसाठी हे दोन्ही उद्योग करू नका. A4 कागदावर काळं-पांढरं पोस्टर झेरॉक्स करा नि विडी कारखान्याच्या दारातली चहाची टपरी, किराणा, पिठाची गिरणी इथं लावा. दुकानदाराला विचारून लावा, म्हणजे तो दोन दिवस काढत नाही. वर मोठ्या अक्षरात सिनेमाचं नाव नको, वार-वेळ-जागा पाहिजे. नाव कुणाला माहीत आहे तुमचं? राग मानू नका.

वाचलेले पैसे आवाजावर घाला. लॅपटॉपची एचडीएमआय जोडली की आवाज प्रोजेक्टरच्या डबड्या स्पीकरमधून येतो आणि मागच्या रांगा गप्पा मारायला लागतात. हेडफोनच्या भोकातून साऊंडवाल्याच्या मिक्सरला वेगळी वायर न्या, सेटिंगमध्ये आवाज तिकडं वळवा. आदल्या दिवशी तिथंच दहा मिनिटं लावून बघा. आणि ऑगस्टात पाचला लख्ख उजेड असतो, खिडक्यांना जाड सोलापुरी चादरी मारा. त्याची काय कमी आहे आपल्याकडं!

एफवाय_मासकॉम
मध्येच विचारतो. आमची 18 मिनिटांची शॉर्टफिल्म आहे. तिकीट लावणार नाही. मग सर्टिफिकेट लागत नाही ना?

सात_रस्ता_सिग्नल
लागतं. लोकांसाठी खुला शो म्हणजे जाहीर प्रदर्शन, फुकट असलं तरी. 1952 चा सिनेमॅटोग्राफ कायदा लांबी बघत नाही. सेन्सॉर बोर्डाच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवर अर्ज करा, शोच्या बरेच आधी.

ताई, तुमच्यासाठी : प्रेस नोट द्या. 120 शब्द, एक चांगला फोटो, चार दिवस आधी. 'संचार' आणि बाकी दैनिकांच्या ऑफिसात स्वतः जा. "माहितीपटाचे आयोजन" असलं लिहू नका, त्या अक्कांबद्दल लिहा. विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात आणि कॉलेजांच्या एनएसएसला पण सांगा, पोरं येतात. फुकट मात्र ठेवू नका. 30 रुपये घ्या. फुकटचं आमंत्रण पाऊस आला की रद्द होतं.

तेलुगू_गल्ली
30 रुपयांना विरोध. हजार विड्या वळायला पुरा दिवस जातो, त्या बाईकडून तिच्याच सिनेमाचं तिकीट घ्यायचं? बाहेर पडताना देणगीची पेटी ठेवा.

सात_रस्ता_सिग्नल
मग कामगार बायकांना पास, आमच्यासारख्यांना तिकीट. यावर तरी भांडू नका मालक.

पूर्वभागातली
(तीन आठवड्यांनी) शो झाला! 110 खुर्च्या, 130 च्या वर माणसं, पोरं सतरंजीवर. हॉल आणि प्रोजेक्टर मिळून 7,500, साऊंडवाल्याचे 1,500, झेरॉक्स-चहा-रिक्षा 900. पास आणि पेटी दोन्ही ठेवलं. तिकिटं 26 खपली, पेटीत 2,340 निघाले.

दारात प्रत्येकाला "कुठून कळलं?" विचारून वहीत रेघा मारल्या. 70 हून जास्त बायका व्हॉइस मेसेज ऐकून किंवा शेजारणीबरोबर आल्या. बातमी वाचून 11, सगळे रिटायर्ड. टपरीवरचं पोस्टर बघून 6. एनएसएसची 40 पोरं येणार होती, 9 आली. इन्स्टावरचा रील बघून एक जण आला, तोही पुण्याहून सुट्टीला आलेला.

घोळही झाला. वेळ चारची ठेवली होती. चार अक्का कारखान्यात वळलेल्या विड्या देऊन, नवं पान-तंबाखू घेऊन पोचेपर्यंत निम्मा सिनेमा संपलेला. त्यांच्यासाठी शेवटची वीस मिनिटं परत लावली, तर बाकीच्या पण उठेनात. हॉलवाल्यानं जादा तासाचे 400 लावले.

निघताना एक अक्का म्हणाल्या, "आमच्या गल्लीत लाव, मी दोनशे बायका आणते. पण त्यातलं माझं स्वयंपाकघराचं काप, भांडी पडलीत सगळी." पडद्यामागचे काका, गल्लीत उघड्यावर लावायचं तर प्रोजेक्टर किती लुमेनचा (म्हणजे किती उजेडाचा) घेऊ? आणि ती भांडी कापू का?

पडद्यामागचा
5,000 लुमेनच्या खालचा घेऊ नका, आणि साडेसातच्या आत सुरू करू नका. दहाला भोंगा बंद करावा लागतो हे धरून चाला. भांडी माझ्या मते राहू द्या, पण आधी अक्कांना परत विचारा.