मदत हवी आहे: लिमिट २० लावलं की क्वेरी ४० सेकंद, काढलं की लगेच

डेटाबेस पोस्टग्रेस १४. बिलांचं टेबल, साधारण ४ कोटी ओळी. एका ग्राहकाची शेवटची २० बिलं हवीत: ग्राहक क्रमांकावर व्हेअर, तारखेवर ऑर्डर बाय उलटा, लिमिट २०. ग्राहक क्रमांक आणि तारीख, दोन्हींवर वेगवेगळे इंडेक्स (ओळी पटकन शोधायच्या क्रमवार सूची) आहेत.

रोजच्या गिऱ्हाइकासाठी उत्तर ५ मिलिसेकंदांत येतं. पण ज्याची जुनी ७-८ बिलंच आहेत, तिथे ४० सेकंद! एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ (क्वेरी प्रत्यक्षात कशी चालली ते दाखवणारी कमांड) बघितलं तर प्लॅनर, म्हणजे क्वेरीचा मार्ग ठरवणारा भाग, तारखेच्या इंडेक्सवरून उलटा चालत येतोय आणि फिल्टरमध्ये जवळजवळ अख्खं टेबल गाळतोय. २० बिलं सापडतील या आशेवर बिचारा शेवटपर्यंत जातो. लिमिट काढलं की ग्राहकाचा इंडेक्स निमूट वापरतो.

प्लॅनरच्या अंदाजांसाठी टेबलची आकडेवारी ताजी करणारं अ‍ॅनालाइझ चालवलं, ग्राहक क्रमांकाच्या कॉलमचं स्टॅटिस्टिक्स टार्गेट (ती आकडेवारी किती बारकाईने ठेवायची ते) १००० केलं, फरक शून्य. ऑर्डर बायमध्ये तारखेला शून्य इंटरव्हल जोडला, म्हणजे तारखेचा इंडेक्स वापरताच येत नाही, तर क्वेरी पळते, पण असला जुगाड प्रॉडक्शनमध्ये ठेवायला मन धजत नाही.

ग्राहक क्रमांक अधिक तारीख असा जोड इंडेक्स करायचा हे ठरलंय. अडचण अशी की डिस्कवर ३ जीबीच जागा उरलीय, आणि दिवसभर बिलं पडत असल्याने टेबल लॉक करता येत नाही, म्हणजे कॉनकरंटली (नोंदी चालू ठेवून इंडेक्स बांधणं) करणं आलं. त्यात सॉर्टच्या तात्पुरत्या फाइलींनाही जागा लागणार. दोन्ही कॉलम ८ बाइटचे आहेत.

एवढ्या जागेत हे निभेल का? आणि नवा इंडेक्स झाल्यावर फक्त ग्राहक क्रमांकाचा जुना काढून टाकला तर त्या कॉलमवरच्या फॉरेन कीच्या (ग्राहकांच्या टेबलशी जोडणाऱ्या बंधनाच्या) तपासणीला काही फटका बसेल का?