शिशाखालचे 'शॉवर' खरे की खोटे? मदत हवी आहे

मंडळी, एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, वैश्विक किरणांवर (अवकाशातून येणाऱ्या कणांवर), दादरच्या जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. वर एक सिंटिलेटर (कण गेला की चमकणारा शोधक), मधे 10 सेंमी शिसं, खाली शेजारी-शेजारी दोन (प्रत्येकी 30×30 सेंमी). तिन्ही एकदम पेटले की भेदक शॉवर (शिसं भेदून जाणारा कणांचा झोत) धरतो. शिशाची रेडिएशन लेंग्थ (जेवढ्या अंतरात इलेक्ट्रॉनची बरीचशी ऊर्जा जाते ते) जेमतेम 0.56 सेंमी, त्यामुळे इलेक्ट्रॉन-फोटॉनचा धबधबा वरच जिरायला हवा.

तरी तासाला साधारण 14 घटना येतात. योगायोगाच्या नाहीत: खालच्या प्रत्येकाचा दर सेकंदाला 20, गेट ('एकदम' धरायची वेळ) 100 नॅनोसेकंद, म्हणजे तासाला 0.3च्या आसपास. थ्रेशोल्ड (सिग्नल मोजायची किमान पातळी) वाढवला, केबल बदलल्या, ट्यूबलाइट बंद ठेवली (तिचा स्टार्टर फडफडला की स्कोपवर झुपका यायचा!). फरक शून्य. खालच्या दोघांत 5 सेंमी शिशाची भिंत घातली, तेव्हा 9वर आल्या. म्हणजे निदान काही घटना एकट्या म्युऑनने (शिशातूनही पार जाणाऱ्या, इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाने) उडवलेल्या इलेक्ट्रॉनच्या होत्या.

उरलेल्या 9चं काय? अजून शिसं चढवता येणार नाही. आत्ताच 200 किलोच्या वर गेलंय, स्लॅबची भीती वाटते. चौथा सिंटिलेटर मात्र मिळतोय. तो दूर ठेवून हवेतले मोठे, दूरवर पसरलेले शॉवर वेगळे काढू, की शिशाखालीच तिसरा म्हणून लावू?