मदत हवी आहे: चित्रात काळे पट्टे, कॅमकॉर्डरचं शटर किती ठेवू?

चांदणी_नागपूर
शनिवारी वसंतराव देशपांडे सभागृहात भाचीच्या भरतनाट्यमच्या क्लासचा कार्यक्रम आहे, शूटिंग माझ्याकडे. काल क्लासमध्ये तालीम घेतली तर आडवे काळसर पट्टे सरकताना दिसले. मुलींचे चेहरे पांढरेफटक. मॅन्युअलला गेले तर आयरिस (लेन्सचं छिद्र), गेन (चित्र उजळवणं), शटर (एका फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ), एकाला हात लावला की दुसरं बिघडतं. शटर किती ठेवायचं तेवढं सांगा. लवकर.

संत्रानगरी
कॅमेरा पाल की एनटीएससी, म्हणजे आपल्याकडचा की अमेरिकी पद्धतीचा? क्लासमध्ये ट्यूबलाइट की एलईडी? चेहरे ऑटोवर जळाले की मॅन्युअलवर?

बर्डीवाला
१/५० सेकंद ठेवा, विषय संपला. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५०. लग्नाच्या शूटिंगमध्ये आयुष्य गेलं, हाच आकडा वापरतो.

खामला_बॉय
ताई, कॅमकॉर्डर काहून वापरून राह्यल्या? मोबाइलवर फोर-के घ्या. आणि आवाज हॉलच्या मिक्सरवरून वेगळा घ्या, कॅमेऱ्याच्या माइकमध्ये घुंगरांचा नुसता खळखळाट येते.

चांदणी_नागपूर
आवाजाचं विचारलंच नाही. मागच्या रांगेतून मोबाइलचा झूम पुरत नाही. चेहरे ऑटोवर जळाले. लाइट ट्यूबचे. आणि शटरमध्ये १/५० दिसतच नाही, १/६० नंतर थेट १/१००.

संत्रानगरी
कॅमेरा बाहेरून आणलाय का?

चांदणी_नागपूर
हो, दादाने अमेरिकेहून आणला. त्याने काय होतं?

संत्रानगरी
सगळं त्यानेच होतंय. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. तिकडची वीज ६० हर्ट्झची, म्हणून कॅमेरा १/६० धरून बसतो. तेवढ्या वेळात इथल्या उजेडाचा एक फेरा पूर्ण आणि दुसऱ्याचा तुकडा येतो, तोच पट्टा. १/१०० ला बरोबर एक फेरा.

बर्डीवाला
१/१०० ला नाच तुटक दिसतो. हात फिरताना थोडा धूसर हवाच. शिवाय उजेड कमी होतो.

संत्रानगरी
पाऊण स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). आधी आयरिस उघडा, नाही पुरलं तर गेन ४-५ डीबी. पट्ट्यांपेक्षा जरा तुटक परवडलं.

घुंगरू
चेहऱ्यांचं कोणी बोलतच नाही! मागचा पडदा काळा असला की ऑटो अख्ख्या चित्राची सरासरी काढतो, अंधार जास्त म्हणून उजेड वाढवतो, चेहरा जळतो. लाइट पूर्ण असताना एका मुलीच्या चेहऱ्यावर झूम करा. झेब्रा (उजळ भागावर स्क्रीनवर रेघा दाखवणारी सोय) ७० वर ठेवा. गालावर रेघा जेमतेम उमटतील इतका आयरिस बंद करा आणि मग हात लावू नका. दागिन्यांवर रेघा येणारच, त्या सोडा. हे झूम करूनच करा; बऱ्याच कॅमकॉर्डरमध्ये झूम केला की लेन्सचं छिद्र लहान होतं. वाइडवर ठरवलेलं एक्स्पोजर क्लोजअपला काळवंडतं.

खामला_बॉय
मारबतीच्या मिरवणुकीत भर दुपारी चेहरे काळे येतात, त्याचं काय करायचं?

घुंगरू
तिथे मागचं आभाळ ऑटोला फसवतं. आयरिस हाताने उघडा. उरलेलं वेगळ्या धाग्यात विचार भाऊ, इथे ताईंचा कार्यक्रम तोंडावर आहे.

चांदणी_नागपूर
घरच्या ट्यूबखाली १/१०० लावलं, पट्टे गेले! ९ डीबीला मात्र चित्र दाणेदार दिसतंय. हॉलमध्ये तेवढा गेन लागेल का?

संत्रानगरी
स्टेजवर उजेड भरपूर असतो, ० पासून सुरू करा. लक्ष एलईडीवर ठेवा. ते मंद केले की काही दिवे स्वतःच्याच वेगाने झपकतात, तिथे १/१०० चालेलच असं नाही. लाइटवाल्याला कार्यक्रमाआधी एकेक रंग अर्ध्यावर लावायला सांगा आणि स्क्रीनवर बघा. पट्टा आला तर १/६० लावून पाहा, तरीही राहिला तर तो रंग पूर्ण तेजावर ठेवायची विनंती करा.

बर्डीवाला
आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर सोडू नका.