मदत हवी आहे: बायकोचा पगार परतफेडीच्या फॉर्ममध्ये दाखवायचा का?

मधलाबाक
दीड वर्षापासून कमी करून मिळालेला हप्ता भरतोय, एकही चुकवलेला नाही. आता बायकोला नोकरी लागली आणि नेमका आढाव्याचा फॉर्म आला. त्यात 'घरातील इतर उत्पन्न' असा रकाना आहे. कर्ज माझं, पगार तिचा. कोरा ठेवला तर चालेल ना? शुक्रवारपर्यंत द्यायचाय. 'वकिलाला विचारा' सोडून काहीही सांगा.

हिशेबी
कर्ज कसलं? तिची कुठे सही आहे का, सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून?

मधलाबाक
लिहिलंय की वर, कर्ज माझं आहे. एक वैयक्तिक कर्ज, दोन क्रेडिट कार्डं.

रानवारा
अजिबात दाखवू नका. मी तीन वर्षं दाखवला नाही, कुणी हूं की चूं केलं नाही. लग्न केलं म्हणून नवऱ्याचं कर्ज बायकोच्या डोक्यावर येत नाही.

हिशेबी
@रानवारा, ते बहुतेक ठिकाणी खरंय, पण इथे मुद्दा तो नाही. हप्ता ठरतो उत्पन्नातून गरजेचा खर्च वजा जाता काय उरतं त्यावर. बायको कमावती झाली की घरखर्चात तिचा वाटा धरतात. तिच्या पगाराला कुणी हात लावत नाही, पण तुमच्याकडे जास्त उरतंय असं दिसतं.
समजा तुमची कमाई ६०, तिची ४०, घरखर्च ५०. आधी सगळा खर्च तुमच्यावर, उरायचे १०. आता ६०:४० ने वाटला तर तुमच्या वाट्याला ३०, उरले ३०. हप्ता तिप्पट मागू शकतात! पण तिच्या नोकरीपायी वाढलेला खर्चही मांडा ना: प्रवास, मूल सांभाळणाऱ्या बाईंचे पैसे. तो १० धरला तर खर्च ६०, तुमचा वाटा ३६, उरले २४. लोक पगार लिहितात आणि हेच विसरतात.

जुनं_खोड
मुळात क्रेडिट कार्ड घ्यावंच कशाला? पगार झाला की पाकिटं करायची. वाणसामान, दूध, वीज. पाकीट संपलं की महिना संपला.

मधलाबाक
काका, हे चार वर्षांपूर्वी सांगायचं होतंत.

तिसरी_घंटा
बायकोला विचारलंत का? माझ्या नवऱ्याने मला न विचारता माझा आकडा भरला होता. कर्ज फिटलं, ते भांडण अजून चालू आहे.

रानवारा
सगळे वसुलीवाल्यांची बाजू घेताय. कोरा ठेवा हो.

हिशेबी
आणि उद्या उघडकीला आलं की सवलत रद्द, व्याज आणि दंड परत सुरू, मग तुम्ही भरणार का? उत्पन्नात बदल झाला तर कळवायचं असं कलम बहुधा करारात असतंच. धागाकर्ते, करार काढून वाचा.

पायरीवरचा
तिचा पगार कुठल्या खात्यात येतो? खातं संयुक्त आणि देणंही त्याच बँकेचं, तर थकबाकी तिथून वळती होऊ शकते. आमच्याकडे झालंय. तिचं वेगळं खातं आधी काढा.

मधलाबाक
संयुक्तच आहे. त्याच बँकेत. याने काही फरक पडतो का?

पायरीवरचा
वरचं परत वाचा.

मधलाबाक
करार काढला. वैयक्तिक कर्जावर सहकर्जदार म्हणून तिची सही आहे. पान ७, अगदी खाली. विसरलोच होतो.

हिशेबी
म्हणून पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं! त्या कर्जापुरती ती तुमच्याइतकीच बांधील. कार्डांचं देणं तुमचं एकट्याचं. दोन्ही वेगवेगळं मांडा, रकाना भरा, आणि तिला सांगा.

तिसरी_घंटा
आधी सांगा, मग भरा.

मधलाबाक
ती मागे उभी राहून वाचतेय. नंतर लिहितो.

रानवारा
मी तरी कोराच ठेवला असता.