मदत हवी आहे : ४०७ सकाळी चालू होऊन लगेच विझते, हातपंप मारल्याशिवाय पुन्हा उठत नाही

धागाकर्ता :

मंडळी, नमस्कार.

गाडी टाटा ४०७, २००१ चं मॉडेल. ४९७ इंजिन, ४ सिलिंडर, २९५६ सीसी, टर्बो नाही. डिझेलचा पंप जुना मेकॅनिकल, चार पाइप इंजिनात डिझेल फवारणाऱ्या चार नोझलला जातात. कॉम्प्युटर, सेन्सर यातलं काही नाही, त्यामुळे स्कॅनर लावून काही कळायचं नाही. जे कळेल ते हातानं आणि कानानंच.

दुखणं असं आहे. रात्री गाडी उभी केली आणि पहाटे सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात इंजिन पकडतं, चार-पाच सेकंद चालतं आणि विझतं. त्यानंतर कितीही सेल्फ मारा, नाव नाही. बॅटरी बसायला येते. मग बॉनेट उघडून फीड पंपावरची (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप) मूठ, म्हणजे हातपंप, सोडवायची आणि हात मारत बसायचं. पहिले पंधरा-वीस हात पोकळ जातात, तळव्याला काही लागतच नाही. मग हळूहळू मूठ जड व्हायला लागते, चाळिसाव्या हाताला तर ढकलवत नाही. मूठ परत आवळायची, सेल्फ मारायचा, गाडी चालू. मिनिटभर अडखळते, पांढरा धूर सोडते आणि मग स्वच्छ.

एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही. नारायणगावातून टोमॅटोची कॅरेट भरून माळशेजनं कल्याणला जाते, रिकामी परत घाट चढते, कुठे ओढ कमी पडत नाही. दुपारी दोन तास उभी राहिली तरी अर्ध्या सेल्फला उठते. फक्त रात्र गेली की हे नाटक.

आतापर्यंत केलेलं काम : दोन्ही डिझेल फिल्टर बदलले. एअर काढली, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा बाहेर सोडली, एकदा नाही, सात-आठ वेळा. फीड पंप खोलून आतले दोन्ही व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग डिझेलमध्ये धुतले. हातपंपाची मूठ नवीन टाकली, कारण जुनीच्या सीलमधून ओल येत होती. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच.

कुठेही थेंब गळत नाही. सगळे जोड पुसून कोरडे केले, वर टाल्कम पावडर मारली, खाली रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी पावडर कोरडी, कागद कोरडा.

तालुक्याच्या गावातल्या एका पंपवाल्यानं न बघताच सांगितलं, पंप गेलाय, काढून आणा, १८,००० लागतील. वडील म्हणतात, पंप गेला असता तर ती भरल्या मालानं अशी ओढली नसती. ही गाडी त्यांनी पंचवीस वर्षं चालवली आहे, तिचा आवाज त्यांना घरात बसून कळतो, म्हणून मला त्यांचं म्हणणं बाजूला टाकवत नाही. आणि हंगामात गाडी चार दिवस पंपवाल्याकडे ठेवणं परवडणारं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या अंगणाला चढ आहे, गाडी तोंड वर करून उभी असते. मागच्या महिन्यात एका सपाट जागी दोन रात्री उभी होती, तेव्हा हातपंप न मारता चालू झाली. योगायोग असेल म्हणून मी सोडून दिलं होतं.

हवा कुठून घेत असेल? आणि ती जागा घरच्या घरी कशी शोधायची? पाने, जॅक, टॉर्च आहे. हात काळे करायची तयारी आहे.

प्रतिसाद १ :

फिल्टर बदलताना बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडायचा आतून पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर नवीन टाकले का? जुने दाबले गेलेले असतात, परत बसवले की हवा घेतात. नवीन मिळाले नाहीत तर जुना वायसर गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाक, तांबं पुन्हा मऊ होतं. मग बारीक पॉलिश पेपरवर सपाट काचेवर घास आणि बसव.

धागाकर्ता :

नवीनच टाकले होते, दादा. तरी तापवून मऊ करायची गोष्ट माहीत नव्हती, लक्षात ठेवतो.

प्रतिसाद २ :

विझल्यावर पुन्हा सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का?

धागाकर्ता :

पहिल्यांदा पकडते तेव्हा पांढरा येतो. विझल्यावर अजिबात नाही, हात धरला तर नुसती हवा लागते.

प्रतिसाद २ :

मग नोझलला डिझेल पोचतच नाहीये. पोचून जळत नसतं तर पांढरा धूर आला असता. कॉम्प्रेशन वगैरे डोक्यातून काढून टाक.

प्रतिसाद ३ :

बाळा, तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. त्यांचं बरोबर आहे. मी एसटीच्या वर्कशॉपात उभं आयुष्य काढलं, आता घरी असतो. जरा सविस्तर लिहितो.

ती चार-पाच सेकंद चालते ना, तिथेच उत्तर आहे. तेवढं डिझेल फिल्टरमध्ये आणि पंपाच्या आत शिल्लक असतं. ते संपलं की मागून काही येत नाही, कारण टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप रिकामा झालेला असतो. मोठा पंप गेला असता तर पहिले पाच सेकंदही नीट चालली नसती आणि गरम झाल्यावर अजून त्रास दिला असता. १८,००० खिशात ठेव.

आता तू पावडर मारलीस, कागद पसरलास, मेहनत चांगली केलीस, पण ती परीक्षा अर्ध्याच लाइनला लागू आहे. फीड पंपाच्या पुढे, म्हणजे फिल्टर आणि मोठ्या पंपाकडे, डिझेल ढकललं जातं. तिथे भोक पडलं तर थेंब बाहेर येतो. फीड पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला, डिझेल ओढलं जातं. तिथे भोक पडलं तर थेंब बाहेर येत नाही, हवा आत जाते. इंजिन बंद झालं की त्याच भोकातून हवा शिरते आणि पाइपातलं डिझेल उतारानं टाकीत परत जातं. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह आणि सक्शन पाइप आठव, तसंच. म्हणून तोंड वर असताना त्रास आणि सपाटीवर नाही. तो योगायोग नव्हता.

शोधायचं असं. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घे, त्यात डिझेल भर. फीड पंपाला टाकीकडून येणारा पाइप सोडव, त्या जागी नवा डिझेलचा रबरी पाइप लावून त्याचं दुसरं टोक कॅनमध्ये बुडव. परतीचा पाइप आहे तसा टाकीला राहू दे. कॅन टाकीच्या उंचीलाच ठेव, वर टांगू नको. वर टांगलास तर डिझेल आपोआप खाली उतरेल आणि फीड पंपात दोष असला तरी झाकला जाईल. एअर काढून गाडी चालू कर, बंद कर, रात्रभर तोंड वर करून ठेव. सकाळी एका सेल्फला उठली तर दोष टाकी ते फीड पंप एवढ्यातच. नाही उठली तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह किंवा पुढचा भाग.

आणि एक. एअर काढताना नोझलच्या पाइपाची नटं सैल करून सेल्फ मारतोस ना? तिथे हात किंवा तोंड जवळ नेऊ नको, कापडही धरू नको. त्या पाइपातल्या बारीक फवाऱ्याचा दाब असा असतो की डिझेल कातडीतून आत शिरतं. वर टाचणीएवढी खूण दिसते आणि आत बोट सडतं. तसं झालं तर वाट न बघता थेट मोठा दवाखाना गाठायचा.

प्रतिसाद ४ :

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या टेक्सासमध्ये. माझ्याकडे १९९७ चा पिकअप ट्रक आहे, ६ सिलिंडरचं ५.९ लिटर कमिन्स इंजिन, १२ व्हॉल्व्हवालं, त्यालाही मेकॅनिकल लाइन पंप. कोथरूडला १९६२ पासून कमिन्सचा कारखाना असल्यानं आपल्याकडे हे नाव जुनं आहे, पण पिकअपमध्ये हे इंजिन मी इथेच पहिल्यांदा पाहिलं. मलाही हाच त्रास होता. सकाळी पकडून विझायचा, तोंड वर करून उभा केला की जास्त. मी दोन महिने पुढचा भाग खोलत बसलो आणि शेवटी इंजिनच्या मागच्या बाजूला, जिथे हात जेमतेम पोचतो, तिथला रबरी पाइप भेगाळलेला निघाला. बोटानं वाकवल्यावरच भेगा दिसल्या.

रबर बघताना एक ध्यानात घ्या. २००१ साली आपल्याकडच्या डिझेलमध्ये २५०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत २५०० भाग) गंधक चालायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ या प्रदूषण-मानकाचं डिझेल आहे, त्यात १० पीपीएमची मर्यादा. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची बाकीची घडणही बदलते आणि जुन्या नायट्राइल रबराचे सील त्यात आक्रसू शकतात. म्हणून पंचवीस वर्षांचा एकही ओ-रिंग ‘दिसायला चांगला आहे’ म्हणून परत बसवू नका. परतीची लाइनही तपासा, तिथून हवा शिरली तरी डिझेल मागे जातं.

धागाकर्ता :

दोघांचेही मनापासून आभार. आज संध्याकाळी कॅन लावला. उद्या सांगतो.

धागाकर्ता :

पहाटे साडेचारला वडील आणि मी दोघेही उठलो. मूठ शिवलीच नाही. सेल्फ मारला, उठली आणि विझली नाही. वडील दारातूनच म्हणाले, बघ. म्हणजे दोष टाकी ते फीड पंप.

आता या पट्ट्यात टाकीतला ओढीचा पाइप, त्याच्या तोंडावरचा जोड, चॅसिसवरून येणारा लोखंडी पाइप आणि शेवटी फीड पंपाजवळचा रबरी तुकडा एवढं आहे. एकेक बदलत बसू का?

प्रतिसाद ३ :

बदलत बसू नको, डोळ्यानं बघ. पारदर्शक प्लास्टिक पाइपाचे वीतभर लांबीचे दोन तुकडे आण. एक फीड पंपाच्या तोंडाशी लाव, दुसरा टाकीतून पाइप निघतो तिथे. चालू करून टॉर्च मार. दोन्हीकडे बुडबुडे असतील तर टाकीच्या आतला पाइप. फक्त पुढे असतील तर मधला रस्ता.

धागाकर्ता :

सापडलं!

टाकीच्या तोंडाशी पाइपात डिझेल काचेसारखं स्थिर होतं, हलतंय हे सुद्धा कळत नव्हतं. फीड पंपाच्या तोंडाशी मात्र सोड्याच्या बाटलीत येतात तसे बारीक बुडबुडे, ओळीनं, थांबायचं नाव नाही. इतके दिवस जे अंदाजानं शोधत होतो ते टॉर्चच्या उजेडात समोर चाललेलं बघून अंगावर काटा आला.

मग गाडी बंद करून चॅसिसवरचा पाइप हातानं चाचपत गेलो. पाइप चार क्लिपांनी धरलाय. तिसऱ्या क्लिपवर चिखलाचा थर वाळून दगडासारखा झाला होता. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला तर आत क्लिपचं रबरी अस्तर शिल्लकच नाही, पत्रा थेट पाइपावर. वर्षानुवर्षं घासून पाइप तिथे चपटा झालाय आणि गंजलाय. भोक डोळ्याला दिसेना. पाइप काढला, एक टोक बोळ्यानं बंद केलं, दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप लावला आणि वरून साबणाचं पाणी सोडलं. क्लिपच्या जागी मोहरीएवढा फुगा आला, फुटला, पुन्हा आला. सुई जाईल एवढंही भोक नाही.

घासलेला भाग दोन्हीकडून बोटभर जास्त कापून टाकला, कापलेली टोकं कानशीनं गोल केली, आतला कीस हवा मारून काढला आणि मध्ये डिझेलचा रबरी पाइप घालून दोन्ही बाजूंना दोन-दोन क्लिप आवळल्या. ओ-रिंग सगळे नवीन टाकले. चारही क्लिपांना जुन्या ट्यूबचं अस्तर दिलं. एकूण खर्च ४०० च्या आत.

काका, डाग देऊन जुनाच पाइप परत वापरला असता तर चाललं असतं का?

प्रतिसाद ३ :

नसतं चाललं. गंजलेल्या पाइपाला डाग धरत नाही, आणि डिझेल भिनलेल्या पाइपाला आग लावायचीच नाही. हंगाम संपला की अख्खा पाइप नवीन वाकवून घे, जोड जितके कमी तितकं बरं. आता चार रात्री मुद्दाम तोंड वर करूनच उभी कर आणि टाकी पाव भरलेली असताना एकदा बघ. टाकीतलं डिझेल खाली गेलं की ओढ वाढते, उरलेला दोष असला तर तेव्हाच कळेल.

धागाकर्ता :

आज पाचवी सकाळ. पाव टाकीवरही एका सेल्फला उठली. पारदर्शक तुकडे अजून लावलेलेच आहेत, रोज बघतो, बुडबुडा नाही. ते तसेच राहू देऊ का? बघायला सोयीचे आहेत.

प्रतिसाद ३ :

आजच काढ. ते प्लास्टिक डिझेलमध्ये आणि इंजिनच्या धगीत काही दिवसांत ताठर होतं, क्लिपखाली भेगाळतं आणि तिथूनच हवा घेतं. पुन्हा हेच सगळं शोधत बसशील.

धागाकर्ता :

काढले, काका. दोन्हीकडे डिझेलचा रबरी पाइप टाकला, एअर काढली, मूठ आवळली. उद्या पहाटे कल्याणची भरती आहे.