मंडळीत देवाचे परिवर्तन घडवणारे सामर्थ्य कसे मागावे?

प्रश्न (तरुण संघाचा सदस्य, शरणपूर रोड, नाशिक)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमची मंडळी (चर्च) जुनी आहे, उपासना शिस्तीत चालते आणि नाताळात बसायला जागा उरत नाही. गेल्या वर्षी संजीवन सभा (विश्वास नव्याने जागवणाऱ्या सभा) झाल्या, तेव्हा लोक गुडघे टेकून रडले, अनेकांनी साक्षी दिल्या. पण कमिटीच्या निवडणुकीपासून अबोला धरलेली दोन घराणी आजही प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीला) एकमेकांना टाळून उठतात. सातपूरच्या कारखान्यांत कामाला आलेली बाहेरगावची कुटुंबे शेवटच्या बाकावर बसतात आणि व्हरांड्यात चहा येण्याआधीच निघून जातात, कारण त्यांना ‘थांबा’ म्हणणारे कोणी नसते. देवाचे सामर्थ्य माणसाला बदलते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मग ते आमच्यात का दिसत नाही, आणि मागायचे तर नेमके काय मागायचे?

उत्तर (निवृत्त पाळक, देवळाली)

बंधू, आपली तळमळ हीच प्रार्थनेची सुरुवात आहे, असे मी मानतो. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे संजीवन झाले, त्याची आठवण आपण आदराने काढतो. मात्र त्या जूनमध्ये जे घडले त्याआधी पंडिता रमाबाईंनी जानेवारीपासूनच मुलींना नियमित प्रार्थनेसाठी एकत्र आणले होते, हे सांगायचे राहून जाते. शिवाय ती प्रार्थना रिकाम्या हातांची नव्हती. ज्या दुष्काळांत मुली आणि विधवा रस्त्यावर आल्या, त्या दुष्काळांत रमाबाईंनी त्यांना घरी आणले, खाऊपिऊ घातले, शिकवले. त्यानंतरच्या संजीवनात मुलींनी आपापली पापे कबूल केली आणि पुढे टोळ्या करून त्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला गेल्या. आपल्याकडे सभेचे मंडप, वक्ते आणि ध्वनिक्षेपक यांची तयारी महिनाभर चालते, पण सभेआधी एकत्र गुडघे टेकणारे किती असतात? आत्मा आपल्या वेळापत्रकाने येत नाही. दोन-तीन जण असले तरी दर आठवड्याला जमावे आणि न थकता मागावे, एवढेच मी सांगेन.

उत्तर (भगिनी मंडळाची सदस्या, नाशिकरोड)

पाळकसाहेबांचे म्हणणे मला मान्य आहे, फक्त एक गोष्ट जोडावीशी वाटते. करिंथच्या मंडळीत कृपादानांची, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेल्या देणग्यांची, उणीव नव्हती, असे प्रेषित पौल तिला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात म्हणतो. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात तो तिला खडसावतो, कारण प्रभुभोजनासाठी जमल्यावर काही जण आधीच जेवून घेत आणि काही उपाशी राहत. म्हणजे सामर्थ्याची चिन्हे असूनही मंडळी न बदललेली राहू शकते. तुमच्या व्हरांड्यातला चहा मला त्याच ओळींपाशी घेऊन गेला. आपण पवित्र आत्म्याकडे भावनांचा पूर मागतो, पण ज्याच्याशी आपले बिनसले आहे त्याच्या दारात जाण्याचे धैर्य मागत नाही. आणि प्रभूने तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे.

आणि हा बदल सावकाश होतो, हेही लक्षात असू द्या. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचेच पाहा. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधल्या वर्षांत त्यांच्या मनातले सोवळे-ओवळे एका रात्रीत नाही, हळूहळू गळून पडले. त्यांच्या आयुष्यात देव काम करत नव्हता, असे त्या वर्षांबद्दल कोण म्हणेल? म्हणून त्या दोन घराण्यांबद्दल आशा सोडू नका. मात्र वाट पाहणे म्हणजे गप्प बसणे नव्हे.

उत्तर (शरणपूरचा जुना रहिवासी)

आपली शरणपूरची वसाहत 19व्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने उभी केली, तेव्हा गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुले इथे आणून शिकवली गेली. त्यांच्यापैकी अनेक जण पुढे 1875 मध्ये स्थापन झालेल्या पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासाजवळच्या फ्रेरे टाउन या मुक्त गुलामांच्या वसाहतीत गेले. या जागेचा आरंभच परक्यांना आसरा देण्यातून झाला आहे. तिथे सातपूरचा कामगार परका राहावा, याचे मला मनापासून दुःख होते. माझे मत स्पष्ट आहे : नवी सभा घेण्याआधी हा शेवटचा बाक पाहावा.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे आभार. तरुण संघातले आम्ही काही जण बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेला बसायचे ठरवत आहोत. पण त्या दोन घराण्यांत माझे स्वतःचे घरही आहे. वडीलधाऱ्यांपुढे मी हा विषय कसा काढावा?

उत्तर (भगिनी मंडळाची सदस्या, नाशिकरोड)

हे सांगितलेत ते बरे केलेत, दादा. बुधवारच्या प्रार्थनेत त्या दुसऱ्या घरातल्या माणसांची नावे घेऊन त्यांच्यासाठी आशीर्वाद मागा. त्यांनी सुधारावे असे मात्र मागू नका. मग वडिलांशी एकांतात बोला, चारचौघांत नको. ते तयार झाले तर पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेबांना सोबत घेऊन त्या दुसऱ्या घरी जा, आणि कमिटीला किंवा मंडळीला आधी काहीही कळवू नका. वडील नाही म्हणाले, तर तुम्ही एकटे जा. शेवटच्या बाकासाठी तर कोणाच्या परवानगीची गरज नाही : येत्या रविवारी तुम्ही तिथेच बसा.